नोंद क्रमांक अकराशे एकेचाळीस

टॅब्लेट घ्यायचा असं मी जाहीर केलं, तेव्हा घरातल्या एकाही माणसानं मला अडवलं नाही. ही गोष्ट मी मनात ठेवली आहे. एरवी मी साधी चप्पल घ्यायची म्हटलं तरी आमच्याकडे दोन दिवस चर्चा चालते आणि तिसऱ्या दिवशी जुनी चप्पल शिवून येते. या वेळी मात्र सगळे एकदम समंजसपणे वागले. माणसं समंजसपणे वागायला लागली की आपण सावध व्हायला हवं, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आताही कळतं असं नाही, पण आता निदान संशय येतो.

कारण होतं ताई. ताईला आठवा महिना लागला होता आणि ती आमच्यापासून दोन दिवसांच्या प्रवासावर राहते. तिला तिच्या डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला होता. इकडे आईच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे तिलाही तिच्या डॉक्टरांनी प्रवास बंद सांगितला होता. दोन्ही डॉक्टर एकमेकांना ओळखत नव्हते, तरी त्यांचं एकमत झालं.

"मी फोनवर दाखवीन की बाळ," मी म्हणालो.

"फोनवर नको," आई म्हणाली. "परवा ताई दाखवलीस ती मला सदऱ्याच्या बटणाएवढी दिसली. ती बटणाएवढी, तर बाळ केवढं? मला बाळ बाळाएवढं दिसलं पाहिजे."

मी चौकशी केली. नवजात बाळ साधारण वीस इंचांचं असतं. टॅब्लेट दहा इंचांचा. हे मी आईला प्रामाणिकपणे सांगितलं.

"म्हणजे निम्मं," आईनं हिशेब केला. "चालेल. तोंडाकडचं निम्मं दाखव. पाय मी नंतर बघीन."

कोणता टॅब्लेट घ्यायचा हे आमच्या ऑफिसातल्या एकानं ठरवलं. त्याला आम्ही स्वातंत्र्यसैनिक म्हणतो, कारण तो ज्यावर काम करतो ते प्रत्येक सॉफ्टवेअर मुक्त, म्हणजे कोणालाही उघडून बदलता येईल असं, असतं आणि तसं नसलं तर तो काम करत नाही. बहुतेक दिवशी तो काम करत नाही. आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. मी तक्रार विभागात आहे. लिफ्ट अडकली की लोक मला फोन करतात. मी विचारतो, "कोणता मजला?" ते म्हणतात, "दोन मजल्यांच्या मधे." मी म्हणतो, "मधला मजला आमच्या यादीत नाही. जवळचा कोणताही एक सांगा." हे मी एवढ्यासाठी सांगतोय की तक्रार म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. असं मला वाटत होतं.

"हा घे," स्वातंत्र्यसैनिकानं मला एक चित्र दाखवलं. "स्वस्त आहे, आणि मुख्य म्हणजे हा तुझा असेल. खऱ्या अर्थानं तुझा."

"बाकीचे टॅब्लेट कोणाचे असतात?"

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी लगेच तोच मागवला.

तीन आठवड्यांनी पार्सल कचेरीतून बोलावणं आलं. खिडकीतल्या बाईंनी खोक्यावरची चिठ्ठी वाचली, मग मला वाचून दाखवली. 'हे उत्पादन अपूर्ण आहे. वापरणाऱ्याने ते आपल्या गरजेनुसार पूर्ण करून घ्यावे.'

"तयार वस्तू तीन नंबरच्या खिडकीवर," बाई म्हणाल्या. "सुटे भाग पाच नंबरवर. हे काय आहे?"

"टॅब्लेट आहे."

"ते कळलं. झालेला आहे की व्हायचाय?"

मी म्हणालो, झालेला असावा. त्या म्हणाल्या, असावा चालत नाही. तीन नंबरनं मला पाचवर पाठवलं. पाच नंबरवाल्यानं खोकं हलवून पाहिलं, आत काही सुटं वाजलं नाही म्हणून परत तीनवर पाठवलं. शेवटी बाईंनी खालच्या कपाटातून एक पिवळा फॉर्म काढला. त्यावर छापलेलं होतं की मी, खाली सही करणारा, सदर अपूर्ण वस्तू पूर्ण करण्यास समर्थ असून ती पूर्ण होताच या कचेरीस कळवीन. मी आजवर घरचा गळका नळ पूर्ण केलेला नाही. सही केली.

घरी सगळे टेबलाभोवती जमले. समोरच्या काकूही आल्या. आमच्याकडे खोकं उघडलं की त्या येतात, त्यांना आवाज जातो. मी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकू लागली. ती दोन मिनिटं सरकली आणि खाली एक छोटी रेघ लुकलुकत राहिली.

"पाटी आहे," आई म्हणाली.

"आमच्या जावयाच्या टॅब्लेटवर उघडल्या उघडल्या धबधबा येतो," काकू म्हणाल्या. जगात जे जे चांगलं चालतं ते काकूंच्या जावयाकडे आहे.

पुढच्या आठवड्यातला सगळा तपशील मला सांगता येणार नाही, कारण मला तो तेव्हाही समजला नव्हता. थोडक्यात असं, की त्या टॅब्लेटचं वायफाय चालू व्हायला एक छोटं सॉफ्टवेअर लागत होतं. ते इंटरनेटवर मिळत होतं. इंटरनेटला जायला वायफाय लागत होतं. स्वातंत्र्यसैनिकाला मी हे तीनदा सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मग? वायर लाव ना."

वायर लावायची म्हणजे काकूंकडे जायचं. आमची दोन घरं मिळून इंटरनेटचं एकच कनेक्शन आहे आणि त्याचा डबा काकूंच्या फ्रिजवर असतो. टॅब्लेटला भोक एकच. त्यात एकतर चार्जर बसे नाहीतर वायर. बॅटरी उरली होती अकरा टक्के. मी काकूंच्या स्वयंपाकघरात स्टुलावर उभा राहून, एका हातात टॅब्लेट धरून दुसऱ्या हातानं काळ्या पाटीवर आज्ञा लिहीत होतो. खाली काकू फ्रिज उघडायला आल्या की मी पाय उचलत होतो.

"जावयाचा बसून चालतो," काकू म्हणाल्या.

दोन टक्के उरलेले असताना वायफाय लागलं. चित्रं दिसू लागली. मी उडी मारून घरी आलो, आईला हाक मारली आणि टॅब्लेट तिच्यासमोर धरला.

सगळं उलटं होतं. डोकं खाली, पाय वर.

यावर कोणीही जे करेल तेच मी केलं. टॅब्लेट फिरवला. तर चित्रही फिरलं आणि पुन्हा उलटं झालं. मी फसवून पटकन फिरवला, तेही पटकन फिरलं. आत एक सेन्सर असतो, तो जमीन कुठे आहे ते ओळखतो आणि त्याप्रमाणे चित्र सरळ करतो. आमच्या टॅब्लेटातल्या सेन्सरची पक्की समजूत होती की जमीन वर आहे. तो आपलं काम चोख करत होता, फक्त दुसऱ्या कोणत्यातरी ग्रहावर.

"तू जरा खाली डोकं वर पाय करून बघ," आईनं सुचवलं. मी बघितलं. सोफ्यावर उलटा लोंबकळत मी टॅब्लेट धरला, आणि त्या अवस्थेत वर कुठे आणि खाली कुठे हे मला आणि टॅब्लेटला दोघांनाही कळेना. एवढ्यात काकू वायर परत न्यायला आल्या. त्यांनी वायर गुंडाळली. जावयाचं नावही काढलं नाही, यावरून काय ते समजा.

"कंपनीला फोन करतो," मी स्वातंत्र्यसैनिकाला म्हणालो.

"कंपनी कुठली? तिनं फक्त पाटी बनवली. बाकी सगळं जगभरची माणसं आपापल्या घरी बसून करतात. एक तक्रारवही आहे सगळ्यांसाठी खुली. तिथे लिही."

मी लिहिलं. मनापासून लिहिलं. आईच्या डोळ्यांबद्दल लिहिलं, ताईबद्दल, स्टुलाबद्दल लिहिलं. शेवटी लिहिलं की माणुसकी नावाची काही चीज आहे की नाही. दहा मिनिटांत 'घुबड' असं नाव घेतलेल्या कोणाचं तरी उत्तर आलं. 'कोणती आवृत्ती? काय केलं? काय व्हायला हवं होतं? काय झालं? तपशील नाही. नोंद बंद करत आहे.'

मी तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. हा तर हुबेहूब माझा आवाज होता. मीच मला मधल्या मजल्यावर अडकवून फोन ठेवला होता.

"बघू," बाबा म्हणाले.

बाबांबद्दल आतापर्यंत काही लिहिलं नाही, कारण आठ महिन्यांत त्यांनी काही केलं नव्हतं. ते निवृत्त झाल्यापासून सकाळी वर्तमानपत्र उघडत, शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचत आणि मग घडी घालून त्याच्याकडे बघत बसत. त्याआधी चौतीस वर्षं त्यांनी एका मोठ्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर काढली. आलेला कागद घ्यायचा, नोंद करायची, पोच द्यायची. जेवणाच्या टेबलावरसुद्धा ते अजून तसेच बसत. समोरच्या खुर्चीत कोणी बसलं की मान वर न करता विचारत, "काय काम आहे?" त्यामुळे ती खुर्ची रिकामी असे. आई ओट्याशी उभी राहून जेवायची आणि मी टीव्हीसमोर.

बाबांनी घुबडाचं उत्तर वाचलं. त्यांची पाठ ताठ झाली.

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "हा काय अर्ज आहे? याला विषय नाही, संदर्भ नाही. माणुसकी कोणत्या रकान्यात टाकायची त्यानं?"

"बाबा, अहो, तक्रार करणं हेच माझं—"

"तू ऐकतोस. करत नाहीस. फरक आहे. माझी कंपासपेटी आण."

बाबांनी दोन तास खर्च केले. मला टॅब्लेट शून्य, पंचेचाळीस, नव्वद अशा कोनांत धरायला लावून प्रत्येक कोन कोनमापकानं मोजला. मग सांगितलं तसं मी लिहिलं. विषय: चित्र उलटे दिसण्याबाबत. मग आवृत्ती, मग कृती क्रमांक एक ते नऊ, अपेक्षित परिणाम, प्रत्यक्ष परिणाम. सोबत: छायाचित्रे आठ, तक्ता एक. कृपया पोच मिळावी.

पोच अर्ध्या तासात आली. 'नोंद क्रमांक अकराशे एकेचाळीस. इतकी नीट तक्रार चार वर्षांत कोणी केली नव्हती. आपण कोण?'

बाबांनी ते अकरा वेळा वाचलं. मी मोजलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण मग बाबांनी विचारलं, "अकराशे एकेचाळीस म्हणजे? आधीच्या अकराशे चाळीसांचं काय झालं?"

झालं काही नव्हतं. त्या पडून होत्या. कोणी लिहिलं होतं 'चालत नाही', कोणी नुसतंच उद्गारचिन्ह. बाबांनी टॅब्लेट माझ्या हातातून घेतला आणि आपल्या पुढ्यात टेबलावर आडवा ठेवला.

"अहो बाबा, उलटं दिसतंय ना."

"मग?" बाबा म्हणाले. "टेबलापलीकडच्या माणसाच्या हातातला कागद मला चौतीस वर्षं उलटाच दिसला. तो माझ्याकडे वळवेपर्यंत माझा वाचून झालेला असायचा. सरळ वाचायला मला वेळ लागतो."

त्यांनी उलट्या कीबोर्डवर एका बोटानं घुबडाला कळवलं, की प्रलंबित नोंदी लावून द्यायला मी तयार आहे. घुबडानं त्यांना तत्काळ नेमलं. हुद्दा दिला, नोंदपाल. सकाळी आठला बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलावर बसू लागले. दुपारी एक ते दीड सुट्टी. मी एकदा सव्वाला काही विचारायला गेलो तर त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

घर आनंदात असायला हवं होतं. पण टॅब्लेट उलटाच होता आणि ताईचे दिवस भरत आले होते.

"बाबा, आता तुम्हीच तिथे आहात, तर आपली नोंद जरा पुढे घ्या ना. घुबडाला सांगा."

बाबांनी चष्मा काढला. "आपली अकराशे एकेचाळीसावी आहे. सध्या दोनशे सातवी चालू आहे."

"पण तुम्ही नोंदपाल आहात!"

"म्हणूनच. घरचं काम पुढे सरकवलं असं उद्या कोणी म्हणायला नको. चौतीस वर्षांत म्हटलेलं नाही."

मी स्वातंत्र्यसैनिकाकडे गेलो. तो म्हणाला, "तूच दुरुस्त कर की. सगळं उघडं आहे. हेच तर स्वातंत्र्य." त्यानं मला चार हजार ओळींची एक फाइल दाखवली. मी तिच्यातली एक उणे खूण काढून अधिक केली. त्यानंतर टॅब्लेट एक दिवस फक्त तिरपा दिसला, आणि बाबांनी माझ्यावर नोंद क्रमांक अकराशे अठ्ठ्याऐंशी दाखल केली: 'अज्ञात इसमाने केलेल्या छेडछाडीबाबत.' फाइल मी परत पूर्ववत केली, तेव्हा कुठे ते माझ्याशी बोलले.

आईचं यात एकच काम होतं. ती फक्त रोज संध्याकाळी विचारायची, "कितवी?" बाबा म्हणायचे, "तीनशे एकोणीस." दुसऱ्या दिवशी, "तीनशे बावीस." आई मान हलवायची आणि ओट्याकडे वळायची. तिनं स्वतःशीच बोटांवर काहीतरी मोजलेलं मी पाहिलं. तिचं उत्तर आणि बाळाची तारीख जुळत नव्हती.

आणि बाळ बारा दिवस आधीच आलं. रविवारी सकाळी साडेदहाला जावईबापूंचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, फोन आला. मुलगी. दोघी ठीक. पुढचा फोन ताईचा, टॅब्लेटवर, व्हिडिओचा. मी टॅब्लेट बाबांच्या पुढ्यातून उचलला आणि आईसमोर धरला. पडद्यावर वरून दोन इवले पाय आणि गुलाबी टाचा खाली आल्या होत्या. तोंड कुठेतरी तळाशी, दुपट्याच्या घडीत.

"आई, दिसतंय का?" ताई ओरडली.

"पाय दिसतात," आई म्हणाली.

"उलटं दिसतंय ताई! तुझा फोन उलटा धर!" मी सांगितलं. ताईनं धरला. आईला सरळ दिसेल म्हणून त्याच क्षणी मीही टॅब्लेट फिरवला. टॅब्लेटनं चित्र फिरवलं. पलीकडे जावईबापूंना वाटलं आपणही काही करावं, म्हणून त्यांनी बाळ फिरवलं. बाळ रडायला लागलं. काकू दारात येऊन म्हणाल्या, "आमच्या जावयानं असं केलं नसतं." एवढ्या गोंधळात कोण कोणत्या बाजूनं उलटं आहे हे ठरवणारा एकही माणूस दोन्ही घरांत उरला नव्हता.

"पुरे," आई म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नाही. तिनं माझ्या हातातून टॅब्लेट घेतला, बाबांच्या पुढ्यात पूर्वीसारखा आडवा ठेवला, हात पदराला पुसले आणि समोरची खुर्ची ओढून तीत बसली. सगळं आयुष्य गेलं तरी त्या खुर्चीत ती बसली नव्हती.

बाबांनी सवयीनं मान खाली घातली. "काय काम आहे?"

"अर्ज द्यायचाय," आई म्हणाली. "लिहून घ्या. विषय, नात. काय व्हायला हवं होतं? नातीचं तोंड दिसायला हवं होतं. काय झालं? तुम्ही तीनशे नव्वदाव्या माणसाचं उद्गारचिन्ह सोडवत बसलात. आता पोच द्या."

बाबांची पेन्सिल थांबली. ते काही बोलणार इतक्यात आई पुढे वाकली आणि तशीच वाकलेली राहिली.

"अहो."

"काय?"

"इकडून सरळ दिसतंय."

आम्ही सगळे तिच्या पाठीमागे जाऊन उभे राहिलो. दिसत होतं. टॅब्लेट आडवा असला की त्या सेन्सरला जमीन कुठे ते कळत नाही, तो गोंधळतो आणि गप्प बसतो. बाबांच्या बाजूनं उलटं म्हणजे समोरच्या बाजूनं सरळ. पाच आठवडे तो टॅब्लेट त्याच टेबलावर तसाच पडून होता, आणि पाच आठवडे समोर बसायची कोणाची छाती झाली नव्हती.

पडद्यावर तोंडाकडचं निम्मं बाळ होतं. दुपटं थोडं मागे सरकलं होतं. आई आणखी खाली वाकली. तिनं एक बोट काचेच्या वर, न टेकवता, कपाळाच्या रेषेवरून फिरवलं.

"कपाळ आमच्याकडचं," बाबा पलीकडून म्हणाले. त्यांना उलटंच दिसत होतं आणि ते सराईतपणे वाचत होते. "हनुवटी तुझी. कान... दोन्ही आहेत. डाव्या भुवईपाशी एक तीळ." मग चष्मा काढून उगाचच पुसला. "त्रुटी काही नाही. कागद पूर्ण आहे."

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेपाचला दोघं समोरासमोर बसतात. ती सरळ बघते, ते उलटं वाचतात, आणि मधल्या वेळात एकमेकांना काय काय सांगतात ते मला ऐकू येत नाही, कारण मी गेलो की बाबा विचारतात, "काय काम आहे?"

वर्षभरानं आमच्या नोंदीची पाळी आली. घुबडानं सेन्सरची दुरुस्ती करून पाठवली. फक्त हो म्हणायचं होतं.

"निकाली काढू?" बाबांनी आईला विचारलं.

"आणि मग तुम्ही कुठे बसणार?" आई म्हणाली.

बाबांनी शेरा मारला: 'अर्जदाराची तक्रार नाही.' त्याच आठवड्यात पार्सल कचेरीचं पत्र आलं, की सदर वस्तू पूर्ण झाली काय ते कळवावे. मी 'नाही' पुढे खूण केली.

गेल्या महिन्यात ताई भाचीला घेऊन पहिल्यांदा आली. आईबाबा दारातच हात पसरून उभे. भाचीनं दोघांकडे परक्या माणसांकडे बघावं तसं पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि आता रडणार तोच तिची नजर वर गेली. वर आमचा पंखा फिरत होता. टेबलावर उताणा पडलेल्या त्या टॅब्लेटचा कॅमेरा वर्षभर छताकडे बघत होता, आणि पलीकडून तिला आमच्या घरातला एकच चेहरा रोज दिसला होता. ती पंख्याकडे बघून ओळखीचं हसली आणि तिनं त्याला हात केला.

"याची," बाबा खुर्ची ओढत म्हणाले, "नोंद करावी लागेल."